सरांची मोकळी जागा

सोमवार, ३ जून

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. उद्या कुणी विचारलं की त्या वेळी नक्की काय घडलं, तर सांगणारा एक तरी माणूस हवा, आणि तो मीच असलेला बरा. बाकीचे आपापल्या सोयीनं सांगतील.

धाकट्या बाईंनी सगळ्या खात्यांच्या प्रमुखांना बोलावलं होतं. थोरले मालक गेल्यापासून कारखाना त्यांची मुलगीच बघते, म्हणून या धाकट्या बाई. त्या म्हणाल्या, पडद्यांची आणि चादरींची डिझाईन काढणारं यंत्र घ्यायचंय, कोण पुढे होतंय? छपाईवाले छताकडे बघायला लागले. विक्रीवाल्यानं पेनाचं टोपण चावलं. मी हात वर केला.

घाबरतो कोण? जो नुसता हात चालवतो तो. ज्याला सुचतं, त्याला कशाची भीती! मी हेच मोठ्यानं बोललो आणि बाईंचा चेहरा खुलला. म्हणाल्या, "वर्षअखेरीपर्यंत वापरून बघा. मग मला एकच आकडा सांगा, तुमच्या खोलीत माणसं किती लागतील. तुम्ही सांगाल तो आकडा, मी वर एक शब्द बोलणार नाही."

आमच्या खोलीत चौघं. काका वेली, फांद्या, पानं काढतात. चष्मा (हे तिचं टोपणनाव, खरं नाव आता तिच्याही लक्षात नसेल) ते डिझाईन असं बसवते की कापड कितीही लांब गेलं तरी जोड दिसू नये. ही रंग करते. ही म्हणजे माझी बायको, पण खोलीत ती सगळ्यांची वहिनी. तिथं तीही मला 'सर' म्हणते, फक्त म्हणताना एक भुवई वर जाते. आणि चौथा मी.

आमच्याकडे एक रीत आहे. प्रत्येक डिझाईनमध्ये थोडी जागा कोरी ठेवतात. तिला सगळे 'सरांची जागा' म्हणतात. कागद माझ्या टेबलावर आला की काका उठून पंखा बंद करतात, सगळे हातातलं काम थांबवून उभे राहतात, आणि मी कुंचला उचलतो. (बाकीचे त्याला ब्रश म्हणतात.) मी डोळे मिटतो, वाट बघतो, आणि मग त्या जागेत काहीतरी उतरतं. बहुतेक वेळा पक्षी. त्याशिवाय एकही कागद छपाईला जात नाही. गंमत म्हणजे मला जो रंग हवासा वाटतो, तो हिनं बशीत आधीच कालवून ठेवलेला असतो. इतक्या वर्षांच्या संसारात एकमेकांचं मन कळायला लागतं, दुसरं काय.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही हात वर केलात?"

"केला."

"आणि आमचे हात?"

तिचा स्वभावच तसा, कशातूनही तिरकस काढायचं.

शुक्रवार, १४ जून

यंत्र बसलं. दिसायला बेताचं, कपाटाएवढा प्रिंटर आणि पुढे संगणकाचा पडदा. इंजिनिअर हळू आवाजात बोलतो आणि माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाही. आमची सगळी जुनी डिझाईन त्यानं यंत्राला दाखवली. एकदा कोऱ्या जागेसकट, एकदा माझा हात लागल्यावरची. म्हणजे माझा हात नेमका काय करतो ते त्याला कळावं.

त्यानं विचारलं, "त्या जागेत काय काढायचं ते तुम्ही कसं ठरवता?"

म्हटलं, "ठरवत नाही. सुचतं."

"साधारण किती वेळात?"

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात चष्मा म्हणाली, "पंखा बंद केल्यापासून पाती थांबेपर्यंत." सगळे हसले. इंजिनिअरनं मात्र ते टाईप करून घेतलं.

मंगळवार, २ जुलै

आज यंत्राचा पहिला कागद बाहेर आला. काकांनी सवयीनं पंखा बंद केला. आम्ही चौघं प्रिंटरभोवती उभे होतो आणि कागद इंच इंच बाहेर येत होता. वेल चांगली होती, पानंही बरी होती. खाली उजवीकडे माझी जागा यायची होती. ती आली, पण कोरी नव्हती. तिथं पक्षी होता. मान मागे वळवलेला, एक पाय आखडलेला, शेपटी जरा तिरपी.

तो पक्षी माझ्या हातचा होता आणि मी तो काढला नव्हता.

रस्त्यानं चालताना आपलाच कोट घालून कुणी पुढे जाताना दिसावं, तसं झालं. कुणी बोलेना. पंख्याची पाती थांबली. मग मीच म्हणालो, "वा! शिष्य मिळाला." काकांना ठसका लागला आणि ते पाणी प्यायला बाहेर गेले.

बुधवार, ३ जुलै

डोळासुद्धा तसाच. आधी ठिपका द्यायचा आणि तो ओला असतानाच कुंचल्यानं टिपून घ्यायचा, ही माझी पद्धत मी कुणाला सांगितलेली नाही. आज दिवसभर मी त्या कागदाकडे पाठ करून बसलो. मग खुर्ची फिरवली, कारण पाठीवर कुणी बघतंय असं वाटत होतं.

गुरुवार, १८ जुलै

यंत्राची परीक्षा घ्यायची ठरवली. अंघोळ करताना मनाशी पक्कं केलं की आज पक्षी नाही, मासा. कुणाला बोललो नाही, हिलासुद्धा नाही. खोलीत गेलो, यंत्राला सांगितलं की निळ्या रंगात पडद्याचं डिझाईन दे. कागद आला. खाली उजवीकडे मासा.

मी खुर्चीत बसलो. विचारलं, "याला कसं कळलं?"

चष्मा म्हणाली, "सर, निळा आला की तुम्ही मासाच काढता."

"कधी?"

"नेहमी. निळा आला की मासा, तांबडा आला की जास्वंदीसारखं फूल, बाकी सगळ्याला पक्षी."

घरी हिनं पुस्ती जोडली. म्हणाली, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत आणि तुमची पक्ष्यापर्यंत. मासा म्हणजे तुमचा पोहणारा पक्षीच." आणि इतकी हसली की हातातला चहा हिंदकळला.

मी हसलो नाही. सुचणं आतून येतं. बाहेरून बघणाऱ्याला त्यात नियम दिसत असेल, तर तो बघणाऱ्याचा दोष. पण यंत्राला ते आतून दिसलं असेल का, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

काकांना आज निरोप दिला.

बाईंना आकडा डिसेंबरात द्यायचाय हे खरं, पण त्यांनी मध्येच सुचवलं की एखादा कमी करून बघा. वेली यंत्र काढतंच. काकांचं वय झालंय. हात थरथरतो, मी कधी बोललो नाही, पण त्यांच्या फांद्या शेवटाला जरा खाली वाकतात, नेमक्या माझ्या जागेपाशी. सरळ फांदी त्यांना जमत नाही असंच मी धरून चाललो होतो. माणूस सोन्यासारखा, पण हात म्हणजे हात, त्याला काही सुचत नाही. हे सगळं मी स्वतःला समजावलं आणि तरी त्यांच्या डब्याची पिशवी खुंटीवरून काढताना मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

जाताना त्यांनी पंख्याच्या बटणावरून हात फिरवला. म्हणाले, "सर, आता मोकळं कोण ठेवणार?"

म्हटलं, "काका, यंत्र ठेवेल की."

"त्याला मोकळं माहीत नाही," काका म्हणाले. "त्यानं मोकळं बघितलंय ते नुसतं भरायला." मग सगळ्यांना हात जोडले आणि गेले. जुनी माणसं असलं काहीतरी बोलतात, त्यात फार अर्थ शोधू नये.

सोमवार, २६ ऑगस्ट

यंत्राच्या कागदात जागाच नाही.

आठवडाभर मी कुंचला हातात घेऊन शोधतोय. वेल, पान, कळी, काटा, पुन्हा पान. मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. आणि पक्षी आधीच बसलेला. माझ्यासारखा, माझ्याच जागी. आज चिडून मी एका पानावरच दुसरा पक्षी काढला. तो डागासारखा दिसला. कागद यंत्राला परत दाखवला, तर पुढच्या कागदात त्या डागाचं नीट पान झालेलं होतं, आणि त्या पानाआडून पक्षी बघत होता.

बाई म्हणतात, उत्तम माल आहे, सरांचा हात ओळखू येतो. मी 'धन्यवाद' म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

गुरुवार, १२ सप्टेंबर

इंजिनिअरला बोलावून घेतलं. म्हटलं, "मला जागा हवी. प्रत्येक कागदात." त्यानं यंत्राच्या पडद्यावर एक पट्टी करून दिली. ती उजवीकडे सरकवली की यंत्र मोकळं ठेवतं. वर म्हणाला, "तुम्ही नसाल त्या दिवशी ते आपोआप भरेल, काम अडायला नको." पट्टी थोडी सरकवली आणि खरंच जागा आली. मी सगळ्यांदेखत सुस्कारा टाकला. चष्म्यानं पंखा बंद केला. काकांचं काम तिनं न सांगता उचललंय.

डोळे मिटले, उघडले. आणि मग नीट बघितलं. ती कोरी जागा पक्ष्याच्या आकाराची होती. मागे वळलेली मान, आखडलेला पाय, तिरपी शेपटी. सगळं पांढरं.

मी हट्टानं त्यात मासा काढला. मासा त्यात मावेना. शेपटी पायात अडकली, डोकं मानेत वाकलं. तसाच कागद प्रिंटरच्या तोंडाशी दिला, स्वच्छ प्रत काढायला. प्रत आली. तिच्यात पक्षी होता.

ही माझ्यामागे उभी होती. बशीत तिनं करडा रंग कालवला होता, पक्ष्याचा. म्हणाली, "सर, थांबू या का आज?" या वेळी भुवई वर गेली नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

पट्टी रोज थोडी पुढे सरकवतो. जागा वाढते, पण पक्षी मोठा होत नाही, पक्षी वाढतात. दोन कोऱ्या आकृत्या, मग पाच, आता अख्खा थवा. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या. मी टेबलाच्या ज्या बाजूला बसतो, त्या बाजूला.

अंगात कणकण आहे. संध्याकाळी डॉक्टरकडे गेलो. बाकावर बसलो आणि समोर बघितलं, तर खिडकीला आमचाच पडदा. वारा नव्हता, तरी पडदा हलत होता, कारण पलीकडून कुणी जात असावं. पडद्यावर मान वळवलेले पक्षी वरपासून खालपर्यंत. शेजारची बाई आपल्या मुलीला म्हणाली, "किती गं बघतात हे!" मुलीनं तोंड फिरवलं आणि आईच्या कुशीत घातलं.

एरवी मी सांगितलं असतं, हे मी केलंय म्हणून. आज गप्प बसलो.

बुधवार, २३ ऑक्टोबर

ताप उतरला, आज कामावर गेलो. मी आत शिरलो तरी कुणी 'बरं आहे का' म्हणून विचारलं नाही. छपाईवाला जिन्यात भेटला. म्हणाला, "सर, कालचं फार सुरेख उतरलं हं."

"कालचं? मी काल घरी होतो."

तो हसला. "काय सर, चेष्टा करता! परवाही होतात की."

खोलीत टेबलावर तीन कागद होते, माझा हात लागलेले. मी नसताना यंत्र आपोआप भरणार होतं, ते मला माहीत होतं. पण ही म्हणाली ते माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "कागद बाहेर यायला लागला तसा चष्म्यानं पंखा बंद केला. सवयीनं. मग आम्ही दोघी तुमच्या खुर्चीपाशी जाऊन उभ्या राहिलो. कुणी कुणाला सांगितलं नाही, पाय आपसूक गेले. खुर्ची रिकामी. आम्ही नेहमीइतकं थांबलो."

"मग?"

"पाती थांबली, आणि प्रिंटरमधून पक्षी आला."

"वेळेवर?"

"अगदी वेळेवर," ती म्हणाली. "चष्म्याला रडू आलं. मला नाही आलं, मला थंडी वाजली."

सोमवार, ४ नोव्हेंबर

चष्मा नोकरी सोडून गेली. दुसरीकडे बघितलंय म्हणाली. मी विचारलं, "इथं काय कमी आहे?" तर म्हणाली, "सर, इथं जोड बसवायचं काम उरलं नाही. आणि त्या खुर्चीपुढे पुन्हा उभं राहायचं नाही मला."

उगाच बाऊ करते. तरी आज मी खुर्चीत बसण्याआधी हातानं चाचपून बघितली. का, ते मलाच माहीत नाही.

बुधवार, २० नोव्हेंबर

हिनं जेवताना सरळ विचारलं. "आकडा द्यायची वेळ आली ना? माझं काय सांगणार आहात?"

म्हटलं, "तुझं काय सांगायचं? तू आहेसच."

"मी आहेच असं नको. बाईंना काय सांगणार ते सांगा. अहो, मला त्या खोलीबाहेर काही येत नाही. मी रंग ओळखते, बास. मला घरी बसवलंत तर मी वाळून जाईन, सांगून ठेवते."

मी तिचा हात धरला. म्हणालो, दोन सांगणार. तू आणि मी.

तिनं हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "काकांची फांदी कशाला वाकायची, माहीत आहे का तुम्हाला?"

"हात थरथरायचा."

"दुपारी डबा उघडल्यावर ते सगळ्यांना आमटी कशी वाढायचे, बघितलंय तुम्ही? थेंब सांडायचा नाही." मग तिनं ताटं उचलली. मला वाटलं, अजून काही बोलेल. मी वाट बघत बसलो, पण ती स्वयंपाकघरातून परत आली ती हात पुसत, आणि दुसराच विषय काढून.

सोमवार, २ डिसेंबर

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण लिहितो.

बाईंकडे जाताना जिन्यात मी तोंडातल्या तोंडात घोकत होतो, दोन, दोन. बसलो. बाईंनी चहा मागवला. आकडा विचारलाच नाही आधी. म्हणाल्या, "बाकीचे प्रमुख अजून यंत्राला हात लावायला घाबरतात. तुम्ही कलावंत, म्हणून तुम्ही पुढे झालात. माझे वडील म्हणायचे, कारखान्यात निर्माण करणारा माणूस एकच आहे." मग पेन उचललं. "तेव्हा तुम्हालाच विचारते. त्या खोलीत ज्याच्याशिवाय चालणारच नाही, असं कोण?"

"मी," मी म्हणालो.

बाईंनी एक लिहिलं.

मला पुढे बोलायचं होतं. हिचं नाव जिभेवर होतं. पण त्या कागदावरचा एक इतका सरळ, इतका रुबाबदार दिसत होता की त्याच्या शेजारी आणखी काही लिहावंसं वाटेना. आधी लाज वाटली, मग अभिमान वाटला, मग कसलंतरी भय वाटलं. चहा आला तेव्हा तो मी प्यायलो.

हिला म्हटलं, "बाईंनी ठरवलं गं. माझं काही चाललं नाही."

ती म्हणाली, "बाई वर एक शब्द बोलणार नव्हत्या ना?"

भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठून गेली आणि तिनं आपल्या बश्यांची पेटी फडताळात वर, हात पोचणार नाही इतक्या वर ठेवली.

मंगळवार, ३ डिसेंबर

ती आली नाही. मी एकटा गेलो.

बुधवार, ११ डिसेंबर

एकट्यानं ती रीत पाळता येत नाही. पंख्याचं बटण दाराशी, खुर्ची खिडकीशी. पंखा बंद करून धावत खुर्चीत येऊन बसेपर्यंत धाप लागते आणि डोळे मिटले की फक्त आपलाच श्वास ऐकू येतो. बशी कोरडी. मी स्वतः करडा कालवायला घेतला तर चिखल झाला.

पक्ष्यांचे ते पांढरे आकार मला आता बघवेनात. पट्टी धरली आणि अगदी शेवटपर्यंत ढकलली. यंत्र काही वेळ गप्प होतं. मग कागद निघाला, इंच इंच. पांढरा. पुढेही पांढरा. शेवटपर्यंत पांढरा. वेल नाही, पान नाही, आकार नाही. सगळी माझीच जागा.

इतक्या वर्षांत माझ्यासमोर पूर्ण कोरा कागद कधी आलाच नव्हता, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

कुंचला भिजवला. डोळे मिटले. काही सुचेना. उघडले, पुन्हा मिटले. खोलीत इतकी शांतता होती की बाकीचे तिघं माझ्यामागे उभे आहेत आणि श्वास धरून थांबलेत असं वाटायला लागलं. मी मागे वळून बघितलं नाही. वळलो असतो आणि ते नसते तर सोसलं नसतं, आणि असते तर त्याहून नसतं. दुपार कलली. कुंचला सुकला, पुन्हा भिजवला. शेवटी खाली उजवीकडे, जिथं नेहमी असते तिथं, पक्षी काढला. मान मागे, पाय आखडलेला.

तो कशावर बसलाय ते मला कळेना.

बाईंनी कागद उभा धरला. किती वेळ बघत होत्या! मला वाटलं, आता पितळ उघडं पडलं. पण त्या म्हणाल्या, "सर, हे तुमचं सगळ्यात धाडसाचं काम. लोकांना हल्ली असंच मोकळं हवंय. चादरींना घेऊ." टाळ्या वाजवायला खोलीत कुणी असतं तर बरं झालं असतं, असं मनात आलं.

गुरुवार, १९ डिसेंबर

मागच्या अंगणात दोऱ्यांवर चादरी वाळत घातल्या आहेत. रांगामागून रांगा, पांढऱ्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक पक्षी. छपाईवाला कामगारांना सांगत होता, भराभर उचला रे. पण ते त्या दोऱ्यांच्या मधून जात नाहीत, लांबून वळसा घालून जातात. मी कारण विचारलं. एकजण म्हणाला, "काही नाही सर, मधून गेलं की वाटतं ते पडतील." आणि ओशाळून हसला.

रविवार, २२ डिसेंबर

बाईंनी पहिली चादर मला भेट पाठवली. दुपारी मी ती पलंगावर घातली, चार कोपरे ओढून घेतले, आणि हिला हाक मारली. ती आली. दारातच उभी राहिली. गेले काही दिवस ती घरात फार हळू चालते, मधूनच थांबते, खिडकीतल्या उजेडाकडे बघते आणि मनाशी काहीतरी मोजल्यासारखे ओठ हलवते. आधी वाटायचं आजारी आहे. आज कळलं, ती रंग बघते. बश्या नाहीत, म्हणून नुसतीच बघते.

ती जवळ आली. वाकून पक्षी न्याहाळला. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही, कुत्सितपणाही नाही. दया होती, असं मला वाटलं, आणि दयेचा मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी घाबरलो होतो.

"काहीतरी चुकलंय का गं?" मी विचारलं. "सगळे वाहवा करतायत. मला मात्र या पक्ष्याकडे बघवत नाही. तो पडतोय असं वाटतं. सारखा पडतोय, आणि पोचत नाही कुठे."

"अहो," ती म्हणाली, किती दिवसांनी, "फांदी आधी काढतात. पक्षी मागाहून येतो."

मी मान हलवली. हे इतकं साधं आहे हे मला कुणी सांगितलं का नाही, असं विचारणार होतो, पण त्याऐवजी म्हणालो, "तू काढून देशील? लहानशी. इथं खाली. तुझ्या हातानं."

तिचा हात चादरीवर पक्ष्याखाली आला, बोट जरासं वाकलं, एक रेघ ओढल्यासारखं, आणि थांबलं. तिनं हात काढून घेतला.

"मी आता कामावर नाही," ती म्हणाली.

मग तिनं आपली उशी उचलली, कपाटातून जुनी, धुऊन धुऊन विरलेली साधी चादर घेतली आणि पलीकडच्या खोलीत जाऊन पडली. दार लावून घेतलं नाही. नुसतं लोटलं.

मी पलंगाच्या काठाला, पक्ष्याच्या बाजूला आडवा झालो. त्याचा डोळा माझ्याकडेच होता. मी बोट त्याच्या पायाखाली नेलं आणि आडवं धरून ठेवलं. हात अवघडला, खांदा भरून आला, पण मी तो काढला नाही. हे सगळं डाव्या हातानं लिहितोय, म्हणून अक्षर असं.